वैजनाथाची पायवाट

बेळगावकरांना वैजनाथ नवा नाही. महाशिवरात्रीला वैजनाथाच्या दर्शनाला देवरवाडीच्या डोंगरावर गेलेलं माणूस इकडे बहुतेक घरांत सापडेल. हिंडलगा, सुळगा, बाची करत वेंगुर्ला रोडने शिनोळी गाठली की आपण महाराष्ट्रात पोचतो. गाडीतून ही हद्द कळते ती पाट्यांवरची कन्नड संपते म्हणून. पायी गेलं तर तीही कळत नाही. भाताचे बांध, त्यावरची खेकड्यांची बिळं, रताळ्याचे वेल, चपलेला चिकटणारी तांबडी माती, सगळं अलीकडे तसंच पलीकडे.

१ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा सारा मुलूख एकाच बेळगाव जिल्ह्यात होता. त्या दिवशी बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं आणि चंदगड तालुका तेवढा वेगळा काढून कोल्हापूरला जोडला. पण लेकीबाळी दिलेली घरं आणि शनिवारचा बेळगावचा बाजार कसा वेगळा काढणार? ज्या वाटांनी हे नातं चालत राहिलं, त्या वाटा मला किल्ल्यांइतक्याच मोलाच्या वाटतात.

देवरवाडीहून वर चढताना करवंदीच्या जाळ्या अंगाला घासतात. मे महिन्यात बोटं चिकाने चिकट होतात, तरी हात थांबत नाही. पुढे महिपाळगड, किल्ल्यातच गाव नांदतं. तटावरून एका बाजूला बेळगावचं पठार, दुसरीकडे चंदगडचे डोंगर. गंधर्वगड, कलानिधीगड, पारगड त्याच मुलुखात. पारगडाजवळच्या रामघाटातून कोकणचं मीठ, नारळ, सुकी मासळी बैलांच्या पाठीवर घाटमाथ्यावर यायची. हे गड त्या ये-जा करणाऱ्या वाटांवर नजर ठेवून होते. वाट विसरून नुसता गड बघायचा, हे मला अर्धंच बघणं वाटतं.

आज महिपाळगडापर्यंत डांबरी रस्ता आहे. तो हवाच, तिथल्या आजारी माणसाला दवाखाना गाठायचा असतो. पण पायवाटेवर दोन पावसाळे कुणी फिरकलं नाही की घाणेरी ती गिळून टाकते. हद्दीअलीकडच्या उचगावच्या आणि पलीकडच्या देवरवाडीच्या शाळेतल्या पोरांना वर्षातून एकदा तरी या वाटेने एकत्र चालवावं, वळणावळणावर दगडांना चुना लावून घ्यावा, असं फार वाटतं. गुरं राखलेल्या म्हाताऱ्यांना आडवाटा अजून ठाऊक आहेत. दिवाळीनंतर भातं कापून झाली, बांध वाळले, की त्यांनाच पुढे घालून निघायला हवं.