उधन्याची टिकटिक

मुंबईहून येणारी रेल्वे सुरतेत शिरण्याआधी उधन्याला येते. इथूनच ताप्ती खोऱ्याचा फाटा नंदुरबार, अमळनेरवरून जळगावला जातो. त्या फाट्यावरून खानदेशातली हजारो माणसे मागांवर कामाला आली आणि इथलीच झाली. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत मराठी, अहिराणी सहज कानावर पडते. महापालिकेच्या मराठी शाळाही आहेत. आपल्याकडच्या वडगाव-खासबागच्या किंवा इचलकरंजीच्या माणसाला इथला खडखडाट अगदी ओळखीचा वाटेल.

अशा आवाजात गाडीतली बारीक टिकटिक कोण ऐकणार, असे मला वाटले होते. बेळगावहून राष्ट्रीय महामार्ग ४८ धरून आम्ही मेहुण्यांकडे निघालो होतो. गाडी जुनी, डिझेलची, फोर-व्हील-ड्राइव्ह. वाटेत इंजिनाकडून टिक्‌-टिक्‌ सुरू झाली. हमरस्त्यावरच्या एका गॅरेजवाल्याने बॉनेट उघडताच निकाल दिला, "टॅपेट गेले, हेड उतरवावे लागेल." खर्चाचा आकडा ऐकून सौ. गप्प झाल्या. आणि परतीचे साडेसातशेच्या आसपास किलोमीटर आईला व मुलांना घेऊन करायचे होते.

उधन्याचे मिस्त्री धुळ्याकडचे, साठीचे. "काय व्हयनं, भाऊ?" म्हणाले आणि पान्याला हात न लावता प्रश्नच विचारत बसले. आवाज थंड गाडीत जास्त की गरम? उभ्या गाडीत येतो का? वळताना वाढतो का? कानडीत 'केळु' म्हणजे ऐक आणि विचार, दोन्ही. ते शब्दाचे दुहेरीपण मला त्या गॅरेजात नीट कळले.

त्यांची रीत सांगण्याजोगी आहे. आधी ऑइलची काठी. ऑइल कमी असले तरी टॅपेट वाजतात. मग गाडी उभी, गिअर न्यूट्रल, आणि थोडी रेस. आवाज रेसबरोबर वाढला तर तो इंजिनाचा. गाडी चालू लागल्यावरच येऊन चाकांच्या गतीने वाढला, तर टायरमध्ये रुतलेला खडा, नाहीतर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस. पूर्ण वळणावर कटकट झाली तर पुढच्या अॅक्सलचा जॉइंट पाहायचा. फक्त फोर-व्हील टाकल्यावरच आवाज येत असेल तर संशय पुढच्या शाफ्टवर. मात्र ही परीक्षा मातीत, सरळ रेषेत करावी. आमच्यासारख्या जुन्या गाड्यांत पुढची-मागची चाके एकाच वेगाने बांधली जातात, कोरड्या डांबरावर वळताना सगळा ताण गिअरांवर येतो.

आमची टिकटिक उभ्या गाडीतही होती, म्हणजे इंजिनाचीच. पण टॅपेट की दुसरे काही? नुसत्या लयीवरून ते कळत नाही. इंजिन मिनिटाला आठशे फेरे घेत असेल तर एका सिलिंडरचा व्हॉल्व्ह चारशे वेळा उघडतो, आणि त्याच सिलिंडरचा धूर फटीतून फुटत असेल तर तोही चारशेच वेळा. मिस्त्रींनी लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक टॅपेटच्या झाकणावर ठेवून मूठ कानाला लावली आणि मान हलवली. मग रबरी नळीचे एक टोक कानाशी धरून दुसरे एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या कडेने फिरवले. पंख्याच्या पट्ट्यापासून हात दूर ठेवून, बरं का. तिसऱ्या सिलिंडरपाशी थांबून त्यांनी मला बोलावले. जोडावर काजळीचा काळा पट्टा उमटला होता. गॅस्केट जळले होते. गाडी तापली की लोखंड फुगून फट मिटते, म्हणून गरम गाडीत आवाज कमी व्हायचा, आणि हे उत्तर आम्ही त्यांच्या पहिल्याच प्रश्नाला दिले होते.

हेड न उतरवता दुपारपर्यंत काम झाले. निघताना त्यांनी दोन गोष्टी बजावल्या. बारीक टिकटिकीऐवजी जड ठकठक आली किंवा ऑइलचा दिवा लागला, तर घर जवळ असले तरी इंजिन तिथेच बंद करायचे. आणि बेळगावला पोचल्यावर, इंजिन पूर्ण थंड असताना, मॅनिफोल्डचे नट एकदा पुन्हा आवळून घ्यायचे.