पडलेलं रान

माणूस किती वर्षं फिरकला नाही, ते पडलेलं रान बघून सांगता येतं. पहिल्या पावसाळ्यात तरोटा आणि गाजरगवत माजतं. पुढच्या वर्षी धुऱ्यावरची हराळी आत सरकते, कुंदा मूळ धरतो. मग बोरी, तरवड, रुई, घाणेरी. शेवटी वेडी बाभूळ पुरुषभर वाढली, की शेजाऱ्यांची पायवाटसुद्धा त्या रानाला वळसा घालू लागते. जिंतूरकडच्या आमच्या तुकड्यात यंदा पाडव्यानंतर शिरलो, तर या सगळ्या पायऱ्या एकाच जागी उभ्या होत्या.

आमच्या परभणीत ही कामं पाडव्यानंतरचीच. सालगड्याचं साल पाडव्याला बदलतं. रब्बीची ज्वारी निघून गेलेली असते आणि मृगाला अवकाश असतो. मुख्य म्हणजे वैशाखाचं ऊन फुकटात मदतीला येतं. उपटलेलं मूळ उलटं करून टाकलं, की आठ दिवसांत त्याची काडी होते. तेच काम पावसाळ्यात केलं, तर मूळ पडल्या जागी पुन्हा रुजतं.

वेडी बाभूळ मूळची अमेरिका खंडातली. शेळ्या तिच्या गोड शेंगा खातात आणि बी लेंडीतून रानोमाळ पसरतं. मी कुऱ्हाड चालवायला लागलो, तेव्हा कामावरचे मामा म्हणाले, "वरून तोडू नका, सर. वरून तोडलं की खालून चौपट फुटतंय. बुडाची माती काढा आधी." त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. या झाडाचे डोळे खोड आणि मूळ जुळतात तिथं, मातीत दडलेले असतात. तो गड्डा निघाला नाही, तर तोडणीची मजुरी वाया जाते. दोघांनी दिवसभर टिकाव चालवला, तेव्हा कुठं रानाचा एक कोपरा मोकळा झाला.

कुंदा त्याहून चिवट. काळ्या भारी जमिनीत त्याच्या मुळ्या खोल जातात, तिथं लाकडी नांगर पुरा पडत नसे. पूर्वी माणसं लावून कुंदा खणून काढत. किर्लोस्करांनी 1903 मध्ये लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडानं जमीन नासते म्हणून लोक आधी बिचकले. पुढं मात्र तोच नांगर काळ्या जमिनीच्या कामी आला. आता ट्रॅक्टरचा पल्टी नांगर ते काम तासांत करतो. पण नांगराऐवजी घाईनं रोटाव्हेटर घातला, तर हराळीचे बारीक तुकडे होतात आणि पेऱ्यापेऱ्याला नवी हराळी फुटते. सोय म्हणून अनेकांनी ग्लायफोसेट हे तणनाशक धरलं. त्याच्या वापरावर केंद्र सरकारनं 2022 मध्ये निर्बंध आणले. गाजरगवतावर परभणीच्या कृषी विद्यापीठाचा उपाय साधा आहे. पावसाळ्यात तिथून मेक्सिकन भुंगे आणून सोडायचे. ते त्याचा पाला खातात, पिकाला तोंड लावत नाहीत.

जेसीबी सांगावा, असं घरात सगळ्यांचं मत होतं. एका दिवसात रान सपाट झालं असतं, हे खरं. पण जेसीबीला वेडी बाभूळ आणि देशी बाभूळ सारखीच. देशी बाभळीच्या लाकडावर आपले वखर, नांगर, गाड्यांचे आख पिढ्यान् पिढ्या चालले. हातानं काम केलं म्हणून धुऱ्यावरच्या दोन देशी बाभळी राहिल्या, एक बोर राहिली, तितरांना लपायला थोडी झुडपं राहिली. तोडलेल्या काट्या पेटवल्या नाहीत. रोही आणि रानडुकरं अडवायला त्यांचं कुंपण केलं.

एवढं करूनही एक प्रश्न उरतोच. हे रान पडलं कशानं? पाऊस दगा देतो, मजूर मिळत नाही, सोयाबीनला भाव नाही, ही कारणं खरी आहेत. पण शेजारची रानं याच पावसावर आणि याच भावात पिकत होती. आमचं पडलं, कारण आम्ही भावंडं पुण्यात आणि संभाजीनगरात. वाटणीचं घोंगडं भिजत पडलेलं. बटईनं द्यावं, तर कूळ लागेल ही धास्ती. मराठवाड्यात 1950 चा हैदराबाद कुळवहिवाट कायदा आला, कसणाऱ्याला त्यानं आधार दिला. त्याची आठवण शहरात गेलेल्या मालकांच्या मनात भीती होऊन बसली आहे. मग जमीन कुणालाच द्यायची नाही, असं ठरतं. सातबाऱ्यावर 'पड' अशी नोंद होते आणि गावात राहिलेला, कसायची ताकद असलेला माणूस मजुरीला दुसऱ्या गावी जातो.

म्हणून माझ्यासारख्या गाव सोडलेल्यांना एकच सांगणं आहे. रान साफ करायला पैसे घालण्याआधी ते कसणार कोण, हे ठरवा. सलग दोन-तीन वर्षं वखर फिरला, पेरणी झाली, खुरपणी झाली, तरच कुंदा आणि हराळी हटते. नाहीतर यंदाचा खर्च दोन पावसाळ्यांत मातीत जातो. भावाभावांत बसून वाटणी उरका, वकिलाकडून रीतसर करार करून घ्या आणि जमीन गावातल्या कसणाऱ्याच्या हाती द्या. आमचा तुकडा यंदा मामांनी बटईनं घेतला आहे.