बर्गी

2024 च्या जानेवारीतली गोष्ट. श्यामबाजारला पाच रस्ते जिथे एकत्र येतात, तिथे नेताजींचा अश्वारूढ पुतळा आहे. त्या पुतळ्याखाली सकाळी सातला भेटायचे ठरले होते. मी पोचलो तेव्हा धुके इतके दाट होते की घोडा तेवढा दिसत होता, स्वार दिसत नव्हता. खाली माझा मित्र माकडटोपी घालून उभा होता. कोलकात्याची माणसे थंडीची वाट पाहतात आणि ती आली की तिला भितात.

त्याची-माझी ओळख तीस वर्षांची. भाषांतराच्या एका कार्यशाळेत आम्ही शेजारी बसलो होतो. तो बंगालीत आणत होता ते मराठी कथानक मला ठाऊक होते, आणि मी मराठीत आणत होतो ती बंगाली कथा त्याच्या लहानपणाची होती. तेव्हापासून पत्रे, पुढे दूरध्वनी. मात्र एवढ्या वर्षांत आम्ही 'तुम्ही'वरून 'तू'वर आलो नाही. आमच्या संमिश्र हिंदीला ते झेपले नसावे.

"आज काही दाखवणार नाही," तो म्हणाला. "नुसते चालायचे. पाय थांबतील तिथे थांबायचे."

उत्तर कोलकाता चालण्यासाठीच बांधले आहे. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरासमोरच्या सज्जांतून माणसे एकमेकांना वर्तमानपत्र देऊ शकतील. हिरव्या झडपांच्या खिडक्या, भिंतीतून उगवलेले पिंपळ, आणि दारापुढे 'रोयाक' म्हणजे आपला ओटा. त्या ओट्यावर सकाळपासूनच माणसे बसलेली असतात; कशासाठी, असे विचारणे असभ्यपणाचे ठरावे. वस्तीला तिथे 'पाडा' म्हणतात. आपल्याकडेही हा शब्द आहे, पण आपण तो आदिवासींच्या वस्तीला देऊन टाकला. कोलकात्याच्या माणसाला तो कोणत्या पाड्याचा हे विचारा; तो शहराचे नाव नंतर सांगेल.

बागबाजारात गिरीशचंद्र घोषांचे घर रस्त्याच्या मधोमध उभे आहे. रस्ता रुंद करताना नाटककाराचे घर पाडायचे नाही असे ठरले, म्हणून रस्ताच दोन्ही अंगांनी वळून गेला. मातीच्या भांड्यातला चहा पीत आम्ही ते पाहत राहिलो. माझ्या नागपुरात असे घडले असते का, हा विचार मनात आला. मी तो बोललो नाही.

तिथून मित्राने मला एका गल्लीच्या तोंडाशी आणले आणि म्हणाला, "पाटी वाचा."

पाटीवर लिहिले होते : मराठा डिच लेन.

मी हसलो. तो हसला नाही. तो माझ्याकडे पाहत होता.

मी नागपूरच्या महाल भागात वाढलो. भोसल्यांच्या वाड्याच्या सावलीतले आमचे बालपण. मराठ्यांचे घोडे बंगालपर्यंत दौडले, हे आम्हांला पाढ्यांच्याही आधी पाठ होते. पहिल्या रघूजी भोसल्यांनी भास्करपंत कोल्हटकरांना 1742 मध्ये बंगालवर पाठवले; भास्करपंतांना नवाब अलीवर्दीखानाने 1744 मध्ये भेटीला बोलावून दगा करून मारले; अखेर 1751 च्या तहात ओडिशा आणि सालीना बारा लाखांची चौथ मिळाली. वडील हे सांगत तेव्हा त्यांचा आवाज बदलत असे. दग्याचे सांगताना तो भरून येई. मधल्या नऊ वर्षांत त्या घोड्यांच्या टापांखाली काय आले, हे त्यांनी कधी सांगितले नाही. त्यांनाही कुणी सांगितले नसेल.

त्याच वर्षी, 1742 मध्ये, कोलकात्याच्या रहिवाशांनी मराठ्यांच्या भीतीने शहराभोवती खंदक खणायला घेतला. सात मैलांचा बेत होता, तीनेक मैल खणून झाला. मराठे आलेच नाहीत. खंदक तसाच पडून राहिला, त्यात कचरा साठला, आणि 1799 मध्ये त्याचा मोठा भाग बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. आज आचार्य प्रफुल्लचंद्र राय आणि आचार्य जगदीशचंद्र बोस यांची नावे मिरवणारे ते रस्ते आमच्या भीतीवरून जातात. इथे 'आमच्या' हा शब्द कोणत्या अर्थाने घ्यावा, याचा उलगडा मला त्या गल्लीच्या तोंडाशी होईना.

"बर्गी म्हणजे काय, हे तुमच्याकडून ऐकायचे आहे," मित्र म्हणाला.

मी सांगितले. मूळ शब्द बारगीर. ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार. ज्याला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळते तो बारगीर. म्हणजे तसा गरीबच माणूस, दुसऱ्याच्या घोड्यावर बसलेला. गावाकडे कोरडवाहू तुकडा असेल, नसेल. मोहिमेवर निघाला की पगार मिळेलच अशी खात्री नाही, मग तो लुटीतून वसूल करायचा.

"हे आमच्या अंगाईत नाही," तो म्हणाला.

ती अंगाई मला माहीत होती. बंगाली शिकताना वाचली होती. मूल झोपले, पाडा शांत झाला, बर्गी आले, पाखरांनी धान खाल्ले, आता सारा कुठून भरायचा, असा तिचा आशय आहे. गंगाराम कवीचे 'महाराष्ट्रपुराण' हे त्याच काळातले काव्यही मी चाळले होते; पळणाऱ्या ब्राह्मणांनी पोथ्या उचलल्या, सोनारांनी तराजू उचलले, अशी त्यात याद्या लागतात, आणि पुढे बायकांचे जे होते ते वाचताना पान उलटावेसे वाटते. पण पुस्तकात वाचणे वेगळे. तिथे त्या पाटीखाली एक मूल दप्तर घेऊन आमच्या मधून पळत गेले.

पुढे कुमारटुलीत आम्ही फारसे बोललो नाही. सरस्वतीपूजा महिन्यावर आली होती. गल्लीभर पेंढ्याच्या सरस्वती उभ्या होत्या, काहींवर पहिला चिखल चढलेला. वीणा अजून कुणाच्याच हाती नव्हती.

दुपारी मित्राच्या घरी, हातीबागानला जेवण होते. त्याची आई नव्वदीला टेकलेली. तिला मी मासीमा म्हणतो. दृष्टी अधू, पण कान तीक्ष्ण. नागपूरहून आलोय हे लेकाने सांगितले तशी ती खुदकन हसली.

"म्हणजे शेवटी बर्गी घरी आलाच! बस बाबा. धान काही उरले नाही, खीर मात्र आहे."

सगळे हसले. मीही हसलो. खजुराच्या नव्या गुळाची ती खीर तिने काशाच्या वाटीत दिली. आणि ती वाटी पाहून माझा घास अडला.

आमच्या देवघरात अशीच एक वाटी होती. तळाशी बसकी, काठाला किंचित बाहेर वळलेली. बंगालच्या मोहिमेतून आमच्या पूर्वजाने आणली, असे घरात सांगत. गणपतीत ती पुढे मांडली जाई आणि पाहुण्यांना वडील तो इतिहास ऐकवत. कुणाच्या घरातून आणली, असे एकाही पाहुण्याने विचारले नाही. मीही नाही. मासीमा शेजारी बसून "अजून घे" म्हणत होती, आणि मी चमच्याने तळ खरवडत होतो.

संध्याकाळी श्यामबाजार–एस्प्लनेड ट्राममधून आम्ही कॉलेज स्ट्रीटला निघालो. ट्रामच्या संथपणात एक सोय आहे. तिच्यात माणसाला कबुली देता येते. मी त्याला वाटीचे सांगितले. तो बराच वेळ बाहेर पाहत राहिला.

"परत द्यायची म्हटली तरी कुणाला द्याल?" अखेरीस तो म्हणाला. "आईला सांगू?"

"नको," मी म्हणालो.

कॉलेज स्ट्रीटवर पदपथावरच्या एका दुकानात त्याने बराच शोध घेऊन सखाराम गणेश देऊस्करांचे 'देशेर कथा' मिळवले. देवघरजवळ जन्मलेल्या, मराठी कुळातल्या या माणसाने 1904 मध्ये बंगालीत इंग्रजी राज्याच्या लुटीचा हिशेब मांडला आणि 1910 मध्ये सरकारने तो जप्त केला. बर्गींच्याच भाषेच्या कुळातला माणूस बंगालीत लुटीवर लिहितो, आणि बंगाल ते डोक्यावर घेतो! त्याच वर्षी रवींद्रनाथ शिवाजी-उत्सवावर कविता लिहितात. इतिहासाला लाज नसते की त्याची आठवण कमी असते, कोण जाणे. मित्राने पुस्तकावर माझे नाव लिहिले, तारीख घातली, आणि खाली काहीतरी लिहायला पेन टेकवून ते तसेच उचलले.

रात्री हावड्याला गाडीत बसवताना तो म्हणाला, "मी आईला सांगितले. रागावू नका."

"काय म्हणाली?"

"एवढेच विचारले, त्या वाटीत काय ठेवतात."

गाडी हलली. मी ओरडून सांगितले, "देवाचे दूध."

ते खोटे होते. आई गेल्यापासून ती वाटी पेटीत पडून होती. नागपूरला आल्यावर मी ती काढली, चिंचेने घासली आणि इतवारीतल्या एका जुन्या कासाराला दाखवली. त्याने ती बोटावर वाजवून पाहिली, उलटी केली. "मोहिमेबिहिमेची नाही हो," तो म्हणाला. "भंडाऱ्याकडची घडण. शंभर वर्षांचीही नसेल."

मला हायसे वाटायला हवे होते. उलट दुकानाच्या पायऱ्या उतरताना कुणी काहीतरी हिसकावून घेतल्यासारखे झाले. ती लूटच असावी असे मला आतून वाटत होते, हे त्या पायऱ्यांवर कळले. आणि ते वडिलांच्या अभिमानापोटी की कोलकात्यातल्या त्या दुपारपोटी, हे अजून सांगता येत नाही.

मित्राला हे मी कळवलेले नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात राज्य सरकारने ट्राम बंद करण्याचे, मैदानातला एक तुकडा तेवढा राखण्याचे जाहीर केले, तेव्हा त्याचा दूरध्वनी आला. बराच वेळ ट्रामविषयीच बोलला. ठेवताना म्हणाला, मासीमा विचारते आहे, वाटी वापरात आहे ना?

आहे, मी म्हणालो. रोज सकाळी दूध ठेवतो. आता ते खरे होते.