लीळाचरित्राची वाट

माहूरला देवदेवेश्वराच्या दर्शनाला आलेला एखादा तरुण विचारतो, "लीळाचरित्र वाचायचंय, कुठून सुरू करू?" हा प्रश्न ऐकला की मला मनापासून आनंद होतो.

म्हाइंभटांनी तेराव्या शतकात महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या आठवणींचा हा ग्रंथ सिद्ध केला. पुढे पोथ्या सांकेतिक सकळ लिपीत गेल्या आणि शतकानुशतके पंथाबाहेरच्यांना बंद राहिल्या. आज छापील प्रत सहज मिळते, पण नवा वाचक पहिल्याच पानांवर अडखळतो. ग्रंथ तीन भागांत हळूहळू भरत जातो: एकांकात चक्रधरस्वामी एकटे फिरतात, पूर्वार्धात भक्त जमू लागतात, उत्तरार्धात परिवार भरतो. म्हणून मी सांगतो: पहिल्या पानाचा हट्ट सोडा. आधी केसोबासांनी केलेला स्वामींच्या दृष्टांतांचा संग्रह, दृष्टांतपाठ, घ्या. त्यात हत्ती चाचपणारे आंधळे भेटतील. मग उत्तरार्धातली कुठलीही छोटी लीळा, म्हणजे स्वामींचा एखादा प्रसंग, मोठ्यानं वाचा. प्रत्येक लीळा स्वतंत्र आहे, मागचं ठाऊक नसलं तरी अडत नाही. सोबत स्थानपोथी ठेवा. स्वामी कुठं राहिले, कुठं बसले, हे ती गावागावांनिशी दाखवते.

एवढं केलं की जुनी मराठी कानाला सरावते. आपल्या भाषेचं हे आद्य गद्य अभ्यासकांपुरतं उरू नये. विचारणाऱ्याला वाट दाखवणं, हे आपल्या प्रत्येकाचं काम आहे.