लॉगिनच्या अलीकडे, पलीकडे

भोसरी, चिंचवड, आकुर्डी, तळवडे, कुठल्याही कारखान्यात शिरा, गेटजवळ एक फळा दिसतोच. कॅन्टीनची वेळ, पाण्याची टाकी धुण्याचा दिवस, सेफ्टी शूजची ताकीद, असं काहीबाही त्यावर खडूनं लिहिलेलं असतं. युनिक्सच्या संगणकालाही असा फळा असतो. नव्वदच्या दशकात भोसरीतल्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात मी ईडीपी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक डेटा प्रोसेसिंग, विभागात रुजू झाले आणि त्यावर लिहायचं काम माझ्याकडे आलं. पुढे नोकऱ्या बदलल्या, मी चाकणला गेले, तरी ते काम माझ्याकडेच राहिलं.

तेव्हा ईडीपीच्या काचेच्या खोलीत एकच मोठा संगणक होता, एससीओ युनिक्सवर चालणारा. त्याच्या तारा स्टोअर्स, डिस्पॅच आणि अकाउंट्समधल्या डंब टर्मिनलपर्यंत गेलेल्या. या यंत्रणेत लिहायच्या जागा दोन. ईटीसी डिरेक्टरीतल्या 'इश्यू' फाइलमधला मजकूर 'लॉगिन' या शब्दाच्या आधी उमटतो, म्हणजे तो कुणालाही दिसतो. 'एमओटीडी' म्हणजे 'मेसेज ऑफ द डे' ही फाइल पासवर्ड बरोबर ठरल्यावर दिसते, म्हणजे फक्त आपल्या माणसांना. एमओटीडी तर १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्येही होती. दोन्ही साध्या मजकुराच्या फायली. रूटचा पासवर्ड असला की व्हीआय या एडिटरमध्ये उघडायची, ओळ लिहायची आणि साठवायची.

आमच्या पट्ट्यातल्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, विजेच्या नियोजनामुळे पडलेली. त्यामुळे बुधवारची ओळ ठरलेली असे: उद्या गुरुवार, संध्याकाळी सातच्या आत लॉगआउट करा, बॅकअपची टेप लावायची आहे. स्टोअर्समधले काका एकदा म्हणाले, "ताई, कधी काय बंद ते तुम्ही स्क्रीनवरच लिहीत जा. मग मला दहा जणांना सांगत बसावं लागत नाही." त्यानंतर स्टॉक मोजणीची तारीख, बिघडलेला प्रिंटर, बदललेला पार्ट नंबर, सगळं तिथे येऊ लागलं. खंडेनवमीला शॉपमधल्या लेथबरोबर सर्व्हरलाही झेंडूचा हार पडे, आणि त्या दिवशीची ओळ शुभेच्छांची असे.

हे सगळं मराठी रोमन लिपीत लिहावं लागे. मजकुराच्या पडद्यावर प्रत्येक अक्षराला एकसारखा चौकोन, आणि फॉन्टमध्ये २५६, फार तर ५१२ आकृत्यांची जागा. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी जाते, जोडाक्षरं एकमेकांत मिसळतात. त्या चौकोनांत हे बसत नाही. पुण्याच्या सी-डॅकनं जिस्ट तंत्रज्ञानानं पडद्यावर देवनागरी आणली होती, भारतीय लिप्यांच्या संकेतांचं इस्की हे प्रमाण १९९१ साली आलं होतं. पण लहान कारखान्याच्या टर्मिनलपर्यंत ते पोचलेलं नव्हतं. लिनक्सच्या मूळ कन्सोलवर आजही देवनागरी नीट दिसत नाही. मात्र लॅपटॉपवरून एसएसएचनं जोडलं, टर्मिनल युनिकोड जाणणारं असलं आणि फॉन्ट चांगला असला, तर मराठी ओळ वाचता येते. जोडाक्षरं कुठे कुठे तुटतात, पण अर्थ पोचतो. त्या ओळी मी देवनागरीत लिहू लागले तेव्हा शिफ्टमधली मुलं त्या थांबून वाचू लागली.

चाकणला या ओळींचं वजन वाढलं. वाहन कारखान्यांना माल तासांच्या हिशोबानं जातो; इन्व्हॉइस निघालं नाही तर भरलेला ट्रक गेटवरच उभा राहतो. ३० जून २०१७ ची रात्र आठवते. बाराच्या ठोक्याला एक्साइज जाऊन जीएसटी लागू होणार होता. रात्रपाळीच्या डिस्पॅचला ईमेल वाचायला सवड नसते, पण लॉगिन प्रत्येकाला करावंच लागतं. म्हणून तिथेच लिहिलं: बारानंतर जुन्या नमुन्यातलं इन्व्हॉइस काढू नका, अडलं तर या एक्स्टेंशनवर फोन करा. ज्याला जी गोष्ट कळायला हवी ती तो कामाला हात घालतो त्याच क्षणी समोर यावी, यासाठी एमओटीडीची फाइल आहे.

लॉगिनच्या आधीच्या फाइलीचा धर्म वेगळा. नव्यानं बसवलेल्या लिनक्सवर ती बहुधा यंत्रणेचं नाव आणि आवृत्ती सांगते. ही माहिती परक्याला देण्याचं काही कारण नाही. तिथे एवढंच असावं: हा संगणक कंपनीचा आहे, परवानगीशिवाय प्रवेश नाही, वापराची नोंद ठेवली जाते. एसएसएचसाठी हाच मजकूर वेगळ्या फाइलीत ठेवून सर्व्हरच्या कॉन्फिगरेशनमध्ये 'बॅनर' या ओळीनं जोडावा लागतो. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ विनापरवाना प्रवेशाबद्दल बोलतं, कलम ६६ शिक्षेबद्दल. ही सूचना वाचून चोर मागे फिरेल असं नाही, पण 'मला माहीत नव्हतं' म्हणायला त्याला जागा उरत नाही.

आता उबुंटूसारख्या यंत्रणा डिस्क किती भरली, अपडेट किती बाकी, हे लॉगिनच्या वेळी स्वतःच सांगतात. ते उपयोगाचं आहे. पण उद्या टेस्ट बेंचचा सर्व्हर बंद का राहणार, हे माणसानंच लिहावं लागतं. आणि लिहिणाऱ्यानं जागं राहावं लागतं. कित्येक कारखान्यांत मी गेल्या वर्षीच्या शनिवारची सूचना अजून झळकताना पाहिली आहे. दोनदा शिळी ओळ वाचलेला माणूस तिसऱ्यांदा वाचत नाही. युनिक्सनं त्यालाही सोय दिली आहे: आपल्या होम डिरेक्टरीत '.हशलॉगिन' (सुरुवातीच्या टिंबासकट) नावाची रिकामी फाइल केली की हा संदेश दिसणं बंद होतं. कुणी ती केलेली आढळली तर त्याला बोल लावू नये, आपला मजकूर तपासावा.

तुमच्याकडे रूटचा पासवर्ड असेल तर एवढं करा. बाहेरच्या फाइलीतून यंत्रणेची ओळख काढा आणि परवानगीची ओळ घाला. आतल्या फाइलीत आजची सूचना तुमच्या माणसांच्या भाषेत लिहा, खाली तारीख आणि तुमचा एक्स्टेंशन नंबर द्या. आणि काम झालं की त्याच दिवशी ती काढून टाका.