खांदेरीहून कोडोलीला

थळ, बुधवार संध्याकाळ

ती. आबांस सा. न.

निघताना तुम्ही म्हणालात, "पन्हाळा दारात असताना समुद्रातला गड कशाला बघायचा?" आज बंदरावर उभी राहिले आणि उत्तर समोरच दिसलं. थोरलं बेट खांदेरी, अलीकडचं धाकटं उंदेरी, आणि उत्तरेला मुंबई बंदराचं तोंड. जंजिऱ्याचा सिद्दी पावसाळ्यात आपलं आरमार मुंबईत, माझगावला, इंग्रजांच्या आसऱ्याला ठेवायचा. उघडीप झाली की शिवाजी महाराजांचा किनारा लुटायला मोकळा. ही वाट अडवायची तर बेट हवंच. म्हणून १६७९च्या ऑगस्टमध्ये मायनाक भंडारी माणसं घेऊन खांदेरीवर उतरले आणि तटाचं काम सुरू झालं.

उद्या भरती बघून नाखवा नेणार आहेत. गुडघ्याला तेल लावताय ना?

अलिबाग, शुक्रवार

आबा, जाऊन आले. होडी इतकी हलत होती की मी काठ सोडला नाही. आपल्याला पाणी म्हणजे वारणा. तिला पलीकडचा काठ दिसतो.

तटावर बसून मी १८ ऑक्टोबर १६७९चाच विचार करत होते. तटाचं काम थांबवायला इंग्रजांची जहाजं बेटाभोवती आली होती. पहाटे महाराजांच्या आरमारातल्या दौलतखानाचा काफिला नागावहून त्या इंग्रजांवर चालून आला. 'डव्ह' नावाची त्यांची गुराब आपल्या लोकांनी धरली. पण 'रिव्हेंज' जहाज एकटं पाय रोवून उभं राहिलं, आणि त्याच्या तोफांपुढे आपल्या होड्यांना मागे फिरावं लागलं. त्या दिवसापुरती सरशी इंग्रजांचीच, हे मान्य करायला हवं. तट मात्र चढतच राहिला. वारा पडला की शिडाचं मोठं जहाज जागच्या जागी. आपल्या होड्या वल्ह्यांवर चालायच्या, उथळ पाण्यातून निसटायच्या, अंधारात बेटावर रसद टाकायच्या. मला तर खरी लढाई त्या रात्रींचीच वाटते, आणि त्या वल्हेकऱ्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत याचं फार वाईट वाटतं.

१६८०च्या सुरुवातीला इंग्रजांनी तह केला. खांदेरी महाराजांकडे राहिली. सिद्दीने मात्र जानेवारीत उंदेरी बळकावली, आणि दोन बेटं एकमेकांवर तोफा रोखून बसली. एप्रिलमध्ये महाराज गेले. पुढे १७१८मध्ये इंग्रज पुन्हा खांदेरीवर आले. तेव्हा बेट कान्होजी आंग्र्यांचं होतं. हात हलवत परतले.

चाकांच्या गाड्यांवर तोफा अजून उभ्या आहेत. कोळ्यांचा वेताळ आहे, १८६७चं दीपगृह आहे. २०२५ साली युनेस्कोच्या यादीत आलेल्या बारा किल्ल्यांत आपल्या पन्हाळ्याबरोबर खांदेरीही आहे, हे नाखव्यांना सांगितलं तर त्यांनी पन्हाळ्याला समुद्र किती लांब, एवढंच विचारलं.

तिथे एक मोठा दगड आहे, ठोकला की पितळी भांड्यासारखा वाजतो. आवाज फोनमध्ये घेतलाय. रविवारी आले की ऐकवते.

तुमची नात