भांडकुदळांचं बेट

१९८९ साली रोलिंग स्टोन्स म्हणजे म्हातारी मंडळी, अशीच आमची समजूत होती. मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्स दोघेही तेव्हा पंचेचाळीस वर्षांचे! आज हसू येतं. त्याआधी काही वर्षं दोघांमधून विस्तव जात नव्हता. जॅगरने बँड बाजूला ठेवून सोलो अल्बम काढले आणि रिचर्ड्सने मुलाखतींतून त्याची यथेच्छ धुलाई केली. मग त्या वर्षाच्या सुरुवातीला बार्बाडोसमध्ये दोघं गिटारी घेऊन बसले, गाणी जमली आणि मार्चअखेर सगळा बँड माँटसेराटवर ‘स्टील व्हील्स’ अल्बमच्या रेकॉर्डिंगला उतरला.

माँटसेराट हे कॅरिबियनमधलं जेमतेम १६ किलोमीटर लांबीचं ब्रिटिश बेट. बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी १९७९मध्ये तिथे एअर स्टुडिओ सुरू केला. उतारावरची बैठी वास्तू, पोहण्याचा तलाव, समोर समुद्र. आणि आत खास बनवून घेतलेला नीव्ह कंपनीचा रेकॉर्डिंग कन्सोल, लंडनच्या तोडीचा. दारात पत्रकार नाहीत. रुसून जाणार कुठे? जेवायला पुन्हा त्याच टेबलावर. पाचेक आठवड्यांत काम उरकलं.

अर्थात बेटाला सगळं श्रेय देण्यात अर्थ नाही. ‘सिंक्रोनिसिटी’च्या वेळी द पोलिस याच स्टुडिओत होते. ड्रमर कोपलंड जेवणघरात, स्टिंग कंट्रोल रूममध्ये आणि गिटारवाला समर्स मुख्य स्टुडिओत, अशी तिघांची तीन बिऱ्हाडं. अल्बम अफाट खपला, बँड मात्र फुटला.

‘स्टील व्हील्स’ बाजारात येऊन तीन आठवडेही झाले नव्हते, तोच १७ सप्टेंबरला ह्यूगो चक्रीवादळाने बेट झोडपून काढलं. स्टुडिओ बंद पडला तो कायमचा. १९९५मध्ये सुफ्रिएर हिल्सचा ज्वालामुखी जागा झाला, राजधानी प्लिमथ राखेखाली गेली आणि बहुतेक लोकांनी बेट सोडलं. आपण स्टुडिओसाठी हळहळतो; तिथल्यांचं तर अख्खं गावच गेलं. मार्टिन यांनी त्यांच्यासाठी १९९७मध्ये लंडनला मोठी मैफल घडवून आणली, मॅकार्टनीपासून नॉफ्लरपर्यंत सगळे आले. पुढे बेटाच्या सुरक्षित उत्तर भागात मार्टिन यांच्याच पुढाकाराने सांस्कृतिक केंद्र उभं राहिलं.

आणि आता? स्टोन्सचा २०२३चा अल्बम ‘हॅकनी डायमंड्स’ लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क, लंडन आणि बहामातलं नासाऊ अशा ठिकाणी फिरून पुरा झाला. बेट सुटलं नाही, पण अडकून पडणं सुटलं. आता फायली प्रवास करतात. एकाने आज वाजवावं, दुसऱ्याने सवडीने. मला ही सोय कोरडी वाटते. पाच आठवडे एकमेकांची तोंडं बघत काढलेल्या गाण्यांत एक खरखर असते, ती हवीशी वाटते.

पण याच अल्बममधलं ‘लिव्ह बाय द सोर्ड’ लागलं की माझं म्हणणं लंगडं पडतं. त्यात ड्रम चार्ली वॉट्सचे, २०१९मध्ये वाजवलेले. चार्ली २०२१मध्ये गेला. बास बिल वायमनचा. सदस्य म्हणून त्याचा शेवटचा स्टुडिओ अल्बम ‘स्टील व्हील्स’च होता. त्याने आपला भाग नंतर येऊन भरला. दोघं एका खोलीत नव्हतेच, तरी ताल असा बसलाय की मधली तीस-बत्तीस वर्षं आणि एक मरण कुठे गेलं, ऐकून कळत नाही.